पाचवं पिल्लू खात नव्हतं

हार्जोनो वारले तेव्हा अंडी आठ दिवसांची होती. मागच्या खोलीत, थर्मोकोलच्या खोक्यात, ओलसर भुशावर पाच पांढरी अंडी एकमेकांना चिकटून बसलेली. मोठे साप त्यांच्या साप पाळणाऱ्यांच्या मंडळातल्या लोकांनी आपापल्या घरी नेले, पण अंडी हलवायची नसतात. ती त्यांच्या बायकोकडे, बू वार्तीनींकडेच राहिली. आमच्याकडे मोठ्या बाईला मानानं बू म्हणतात, मोठ्या माणसाला पाक.

नवरा साप पाळू लागल्यापासून, म्हणजे अकरा वर्षं, बू वार्तीनींनी त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. दाराबाहेर उभ्या राहून त्या ओरडायच्या, "चहा ठेवलाय. तुमची लेकरं पीत नसतील तर तुम्ही तरी प्या." हार्जोनो आतूनच हसायचे. आयुष्यभर त्यांनी जावातल्या सालातिगाच्या चढउतारांवर प्रवाशांची गाडी हाकली, आणि गाडी चालवणं सुटलं तसे ते सापांत रमले. आफ्रिकेतल्या बुटक्या अजगरांची जात. घाबरले की चेंडूसारखे गुंडाळून डोकं आत लपवतात. चावण्यापेक्षा लपणं बरं वाटणारी जनावरं.

बू वार्तीनींचं जग गल्लीच्या तोंडाशी, त्यांच्या खाण्याच्या टपरीत होतं. सकाळी भात, उकडलेल्या भाज्या, टेंपे म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, आणि वर शेंगदाण्याची तिखट चटणी. गिऱ्हाईक जेवायला बसलं की त्या समोर स्टूल ओढून बसायच्या आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहायच्या. "भात घे अजून. टेंपे घे. असं चिमणीसारखं काय टिपतोयस?" आमच्या गल्लीतले निम्मे लोक त्या नजरेला घाबरून ताट चाटूनपुसून साफ करायचे.

हार्जोनो गेल्यावर बू वार्तीनी त्या खोलीत जाऊ लागल्या. मेर्बाबू डोंगरावरून पहाटे गार वारा उतरतो, म्हणून खोक्यातली ऊब सारखी तपासायला लागायची. त्यांच्यासाठीच्या चाळिसाव्या दिवशीच्या प्रार्थनेला घर माणसांनी भरलं होतं, तेव्हाही जेवण वाढता वाढता त्या दोनदा आत जाऊन तापमापकाचा आकडा बघून आल्या. त्यानंतर दहा दिवसांनी अंड्यांना चिरा पडल्या आणि पाच इवलीशी नाकं बाहेर आली.

पहिली कात टाकल्यावर चार पिल्लांनी लगेच खाल्लं. पाचव्यानं खाल्लं नाही. चिमट्यात मेलेलं उंदराचं पिल्लू समोर धरलं की ते मान वळवायचं आणि स्वतःच्याच वेटोळ्यात शिरायचं.

चार पिल्लं न्यायला मंडळातली येसी आली. तिचं झेरॉक्सचं दुकान आहे, आणि दुकानाच्या मागे चौदा साप. ती म्हणाली, "हेही द्या बू. मी बघते त्याचं."

"नाही."

"अहो, तुम्हाला त्याला हात लावायची भीती वाटते."

"वाटू दे. उपाशी कुणाला माझ्या दारातून जाऊ दिलंय का मी?"

येसी चारच घेऊन गेली. ती अंडी आईच्या वेटोळ्यातून उचलून हार्जोनोंनी स्वतःच्या हातानं भुशावर ठेवली होती. त्यांनी हातात घेतलेलं ते शेवटचं काम. त्यातलं हे एकच आता घरात उरलं होतं, आणि तेही दिवसेंदिवस सुकत चाललं होतं.

आठवडाभराने बू वार्तीनी येसीच्या दुकानात आल्या. "काय करायचं ते सांग बाई. अजून तोंड लावत नाहीये."

येसीनं फोन काढला. "मला काय विचारता? मंडळाच्या ग्रुपवर पाक हार्जोनोच सगळ्यांना शिकवायचे. त्यांचे व्हॉइस मेसेज आहेत की." आणि बू काही बोलायच्या आत तिनं एक लावला.

आधी चहाचा घुटका ऐकू आला. मग हार्जोनोंचा आवाज, "अरे बाबा, मोठ्या डब्यात ठेवलंस तर ते घाबरणारच. माझ्या सासूच्या घरी मला असंच व्हायचं. डबा लहान कर, आत कागदाचे बोळे टाक, लपू दे त्याला."

बू वार्तीनींनी काउंटरची कड धरली. म्हणाल्या, "माझ्या आईला काय नावं ठेवतात बघ."

"असे पुष्कळ आहेत, बू. सगळे पाठवून देते तुमच्या फोनवर."

"नको नको." त्यांनी घाईनं हात हलवला. "सगळे आले तर एका रात्रीत ऐकून संपवीन मी."

डबा लहान झाला. पिल्लानं खाल्लं नाही. पुढच्या आठवड्यात त्या पुन्हा आल्या, पुढचा मेसेज ऐकला. गोठवलेलं उंदराचं पिल्लू कोमट पाण्यात ठेवून, पुसून, कोंबडीच्या पिल्लाच्या पिसांत घोळवून द्यायचं. तेही केलं. त्यानंतरच्या आठवड्यात डब्याखालची ऊब वाढवली. हार्जोनोंचा शंभरावा दिवस आला, पाहुण्यांना भाताच्या पुड्या देऊन झाल्या, आणि पिल्लाच्या पाठीचा कणा कातडीतून दिसू लागला.

येसी स्वतः येऊन बघून गेली. "आता फार थांबता येणार नाही, बू. तोंड उघडून घशात घालावं लागेल. नाजूक काम आहे. कधी कधी दगावतात." मग तिनं डब्यावरचं फडकं बोटांनी चाचपलं. ते एका कोपऱ्यात मळून काळपट झालं होतं. "हे किती वेळा उचलता तुम्ही?"

"किती म्हणजे? खातंय का ते बघायला नको?"

"दिवसातून किती?"

बू वार्तीनींनी फडकं ओढून सरळ केलं. येसीनं फोन काढला, बराच वेळ बोटानं वर वर सरकवत राहिली, आणि एक मेसेज लावला.

हार्जोनो कुणावर तरी हसत होते. "तू सारखा वाकून बघतोस ना? मग कसं खाईल ते? आमच्या घरी पाहुणा आला की आमची बायको त्याच्यासमोर बसते आणि घास मोजते. बिचाऱ्याला गिळता येत नाही. मी पाहुणा असतो तर मीही उपाशी उठलो असतो, पण मला सवय झालीय. तू असं कर. ठेव, झाक, आणि घराबाहेर जा. घरात राहिलास तर उठून बघशीलच. मी माझ्या माणसाला ओळखतो."

बू वार्तीनी तोंडावर ओढणी दाबून, खांदे हलवत हसू लागल्या. हसता हसता डोळे पुसले. "मला हे एकदाही तोंडावर बोलले नाहीत."

"तुमच्यासमोर बोलायची छाती होती का त्यांची?"

"पुन्हा लाव."

येसीनं पुन्हा लावला.

त्या संध्याकाळी बू वार्तीनींनी उंदराचं पिल्लू कोमट केलं, चिमट्यानं डब्यात ठेवलं, फडकं टाकलं. बाहेर येऊन दाराला कुलूप घातलं आणि किल्ली येसीच्या हातात दिली. "उद्या सकाळपर्यंत मला देऊ नकोस. रडले तरी देऊ नकोस." जवळच्या अंबारावा गावी त्यांची बहीण राहते, तिच्याकडे त्या शेवटच्या गाडीनं गेल्या. बहीण नंतर सांगत होती, ही रात्रभर कूस बदलत होती, आणि सकाळी माझ्या नातवाला म्हणे, तुझं तू जेव, मी बघत नाही.

सकाळचा भात त्या दिवशी लागला नाही. नऊच्या सुमाराला त्या गाडीतून उतरल्या, येसीकडून किल्ली घेतली, एकट्याच आत गेल्या.

अर्ध्या तासानं त्या दुकानात आल्या. काउंटरपाशी एक कॉलेजकुमार कागदांचा गठ्ठा घेऊन उभा होता. बू वार्तीनींनी येसीकडे बघून दोन बोटांत एवढासा फुगवटा दाखवला, पोटाच्या मध्यावर असतो तसा.

"खाल्लं?" येसी जवळजवळ किंचाळली.

"काही शिल्लक ठेवलं नाही."

"चला! अजून दोनदा असंच आपलं आपण खाल्लं की झालं. मग कुणालाही देता येईल." येसीनं यंत्राचं झाकण उघडलं, कागद घेतले. बू वार्तीनी हलल्या नाहीत. त्यांना अभिनंदन नको होतं, बसायला स्टूलही नको होतं.

"येसी," त्या म्हणाल्या, "खाल्ल्यानंतर काय करायचं, त्याबद्दल काही बोललेत का गं ते?"

येसीनं त्यांच्याकडे पाहिलं. कागद तसेच ठेवून फोन उचलला. शोधायला वेळ लागला. "आहे एक. छोटासा आहे."

"बाई, माझं लेक्चर आहे," कॉलेजकुमार म्हणाला.

बू वार्तीनींनी मान न वळवता त्याच्या मनगटावर हात ठेवला. "जरा थांब ना रे बाबा. ते बोलतायत."