अकरा बाह्यांचं पुस्तक

ताई कापडाची पुस्तकं करायच्या. पानं जुन्या कपड्यांची, पुठ्ठे खळ लावून घरीच केलेले, शिवण मेण लावलेल्या दोऱ्याची. मी शेजारच्या गाळ्यात फ्रेमा करतो, त्यामुळे प्रदर्शनात त्यांचं काम मांडायला मीच जायचो. बाई इतक्या घाबरट, की घरचे त्यांना लहानपणापासून भागूबाईच म्हणायचे. कुणी जोरात बेल वाजवली तरी हातातली कात्री पडायची.

त्यांची धाकटी बहीण कपडे शिवून घ्यायला यायची. फाटलेलं दर वेळी उजव्या खांद्यावरच. "दारात अडकलं," म्हणायची. अकराव्या वेळी ताईंनी विचारलं, "दार कसलं गं हे, नेमका खांदाच धरतं?"

धाकटीने ताईंच्या सुईतला दोरा ओढून काढला. मग म्हणाली, "हे शिवू नकोस. ठेव तसंच."

आधीचे दहा कपडेही तिने आणून दिले. ताईंनी स्वतःचेच टाके उसवले आणि एका पानाला एक बाही असं पुस्तक बांधलं. फाटलेलं फाटलेलंच, खाली लाल दोऱ्याने ते फाटलं त्या दिवसाची तारीख. धाकटीने ते पाहिलं. "लाव प्रदर्शनात," म्हणाली, "फक्त माझं नाव नको."

प्रदर्शनाच्या तिसऱ्या दिवशी पेपरात त्या पुस्तकाचा फोटो आला. चौथ्या दिवशी दुपारी धाकटीचा नवरा हॉलमध्ये हजर. इस्त्रीचा शर्ट, तोंडभर हसू.

"ताई, कापड ओळखीचं वाटतंय."

ताईंनी मान वर केली नाही. "असेल. बाजारात ताग्याने मिळतं."

तो सावकाश पानं उलटत गेला. सहाव्या पानावर बोट ठेवून म्हणाला, "ही तर आमच्या लग्नाच्या वाढदिवसाची तारीख." हसू तसंच होतं. "हे आत्ताच्या आत्ता काढा. नाहीतर घरी जाऊन तिलाच विचारतो."

ताई पांढऱ्याफटक पडल्या. मला वाटलं, आता काढतील. त्यांनी दोन्ही तळवे पुस्तकावर ठेवले.

"नाही काढणार."

"काय?" त्याला खरंच ऐकू आलं नव्हतं.

"नाही म्हटलं."

तो तडक निघाला. ताई माझ्याकडे वळल्या. "तुमची स्कूटर आहे ना?"

वाटेत त्या फोन लावत राहिल्या. धाकटी उचलेना. सिग्नलला त्याची गाडी आमच्या पुढे चार गाड्या सोडून उभी होती. मी स्कूटर गल्लीत घातली.

चौथ्या मजल्यावर धाकटीने दार उघडलं. ताईंचा चेहरा पाहून काय ते समजली, तरी तोंडातून निघालं, "गॅसवर दूध आहे."

ताईंनी आत जाऊन गॅस बंद केला. "चपला घाल. कागदपत्रं घे. बाकी राहू दे."

बाहेर आलो तर लिफ्ट वर येत होती. आम्ही जिना धरला. दुसऱ्या मजल्यावर पोचतो तोच वर दार आपटलं आणि तिच्या नावाने हाक आली. धाकटीचे पाय जागीच थिजले. हाक आली की जायचं, ही इतक्या वर्षांची सवय. ताईंनी तिचं मनगट धरलं. खांद्याला हात लावला नाही. "खाली बघ," त्या कुजबुजल्या, "पायरी बघ फक्त."

एका स्कूटरवर आम्ही तिघं थेट पोलीस चौकीत गेलो. तिथे सगळं ताईंनीच सांगितलं, अडखळत, पाणी पीत. प्रदर्शनातून आणून पुस्तक पुरावा म्हणून जमा झालं. कोर्टात त्यातल्या तारखा एकेक करून वाचल्या गेल्या. अडीच वर्षांनी घटस्फोट मिळून धाकटी सुटली. ती आता ताईंकडेच राहते, पानं कापते, पुठ्ठे दाबते.

सगळं सुरळीत झालं म्हटलं तर खोटं होईल. गेल्या महिन्यात तो रस्त्यापलीकडे येऊन उभा राहिला. बहिणींनी शटर अर्धं ओढलं आणि आत बसून राहिल्या. मी बाहेर स्टूल टाकून बसलो. अर्ध्या तासाने तो गेला. तरी मी संध्याकाळपर्यंत उठलो नाही.