दामलेकाकांचं काळं मार्कर

माझं वाटोळं दामलेकाकांनी केलं. भिंग बाबांनी धरलं. नावं आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या रियाधच्या बिल्डिंगीतले युद्धातले किस्से निघाले की एकातून दुसरा निघतो, मंडळी हसत सुटतात आणि ही दोन नावं राहून जातात.

०

इराकची मिसाइलं यायला लागली तसे बाबांच्या कंपनीने गॅस मास्क वाटले, पण फक्त कर्मचाऱ्यांना. खिडक्यांना टेप मारलेल्या खोलीत मी शेजारच्या दामलेकाकांना विचारलं, "आणि माझा?"

काका मास्कच्या आतून म्हणाले, "तू डिपेंडंट. त्यात इंजिनिअरिंग सोडलेला."

०

बाबांचे साहेब हॅरिस घाईघाईने इंग्लंडला निघाले. एकच बॅग नेता येणार होती, म्हणून जाताना छोटा प्रोजेक्टर आणि एक रीळ माझ्या हातात दिलं. ऐंशी वर्षांपूर्वी त्यांच्या शहरात निघालेल्या मिरवणुकीचं. फुटपाथवर रुमाल हलवणारी मुलगी म्हणजे त्यांची आजी.

"एवढी एकच प्रत उरलीय. लंडनला घेऊन ये. जुन्या फिल्म जपणाऱ्या संस्थेत तुला कामाला लावतो."

मार्कशीट न मागणारा हा पहिलाच माणूस.

०

रीळ सगळ्यांना दाखवलं. चादरीवर घोडे, बँड, कॅमेऱ्याकडे बघत धावणारी पोरं.

"स्पीकर बघ रे," काका म्हणाले.

"काका, मूकपट आहे."

तेवढ्यात राजाचा झेंडा आला आणि बाबा उठून उभे राहिले.

"बाबा, बसा. आवाजसुद्धा नाहीये."

"बँड दिसतोय ना? साहेबांचा आहे."

०

काका कंपनीच्या वाचनालयात होते. परदेशी मासिकांतल्या बायकांच्या उघड्या दंडांवर, गळ्यांवर काळं मार्कर फिरवायचं काम त्यांच्याकडे. "बारा वर्षांत एक कोपर सुटलं नाही," असं जेवताना सांगायचे.

माझं तिकीट आलं तेव्हा ते बाबांना म्हणाले, "एअरपोर्टवर रीळ उघडलं तर? कफील तुमचा इकामा रद्द करेल." कफील म्हणजे तिथला आपला जामीनदार मालक, इकामा म्हणजे राहण्याचा परवाना. बाबांनी मला न विचारता रिळाचा डबा त्यांच्या हवाली केला.

रिळातल्या बायका गळ्यापासून घोट्यापर्यंत झाकलेल्या, डोक्यावर परातीएवढ्या हॅट. उघडे होते ते फक्त चेहरे. बाबांनी धरलेल्या भिंगाखाली काका चार दिवस एकेक चौकट घेऊन बसले. सायरन झाला की मास्क चढवायचे, हात थांबायचा नाही.

"आता बिनधास्त ने," म्हणाले.

मी रीळ लावून पाहिलं. घोडे गेले, बँड गेला. फुटपाथवर काळे ठिपके रुमाल हलवत होते.

हॅरिसना खरं ते कळवलं. लंडनची नोकरी गेली.