एस्तेरवर मी जळायचे

मला एस्तेर आवडत नव्हती.

काल छावणीच्या कबरस्थानात तिला माती दिली. सगळे रडले. मीही रडले, पण माझ्या रडण्यात भेसळ होती.

केवढी गर्दी! ब्लाउज शिवणाऱ्या बाईच्या मयतीला उभं राहायला जागा नाही. मी आमच्या चर्चची एवढ्या वर्षांची क्वायर लीडर. माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू?

माझ्या वेळी एवढी माणसं येतील का?

आला विचार. खोटं कशाला बोलू.

पाळकसाहेबांनी तिच्याबद्दल साक्ष द्यायला सांगितलं, तर लोक थांबेचनात. चिकलठाण्याचे एक काका उठले. म्हणाले, "कंपनी बंद पडली तवा मी महिनाभर घराबाहेर नाय निघालो. एस्तेरबाई रोज यायच्या. म्हणायच्या, भाऊ, आज नुसतं कोपऱ्यापर्यंत चला. चहा पिऊन वापस येऊ."

एवढंच बोलले आणि ढसाढसा रडायला लागले.

मग साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली.

म्हणून आज इथं लिहितेय.

एस्तेरची एक खोड होती. रविवारी सगळ्यांच्या आधी चर्चला यायची आणि मागच्या बाकावर रुमाल टाकून जागा धरायची, एसटीत धरतात तशी. कुणासाठी? ज्यानं चर्चला यायचं सोडलंय त्याच्यासाठी. तो काही यायचा नाही. मग दुपारी ही त्याच्या दारात हजर.

"तुझ्यासाठी जागा धरली व्हती रे. लोकं माझ्याकडं डोळे वटारून बघत व्हते. पुढच्या रविवारी ये बाबा, माझी अब्रू राख."

आणि लोक यायचे हो!

मी पुढं उभी राहून इतकी सुरेल गायचे, पण माझ्या गाण्यानं एकही माणूस परत आला नाही. हे मला फार लागायचं.

गाण्याचं म्हणाल तर एस्तेरला सूर आणि बेसूर सारखेच. एकदा हौसेनं क्वायरमध्ये आली. पहिल्याच प्रॅक्टिसला मी सगळ्यांसमोर म्हणाले, "एस्तेर, तू नुसते ओठ हलव."

ती हसली. "बरं बाई."

वर्षभर तिनं खरंच नुसते ओठ हलवले. मग गुपचूप मागच्या बाकावर जाऊन बसली. मला वाईट वाटायला हवं होतं. मला बरं वाटलं.

पुढं माझं थायरॉइडचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. फाटक्या भोंग्यासारखी नुसती घरघर यायची. डॉक्टर म्हणाले, बोलत राहा, हळूहळू येईल. पण मला माझाच आवाज ऐकवेना. मी बोलणं बंद केलं. घरात खाणाखुणा करायचे. चर्चही सोडलं.

क्वायरच्या ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस पडला. घरी कुणी आलं नाही.

आली ती एस्तेर. हातात गीतपुस्तक.

"कमल, नाताळला मला सोलो म्हणायचाय. साहेबांनी नाव लिहून घेतलं. आता तूच शिकव."

मी कपाळावर हात मारला. वहीत लिहून दाखवलं, 'तुला जमणार नाही.'

"चष्मा घरी राहिला गं. बोलून सांग."

रोज दुपारी यायची. रोज तिचा चष्मा घरी. रोज तीच ओळ तशीच चुकवायची. मी हातानं सांगायचे, खाली ये, खाली ये, आणि ही हमखास वर जायची. दहाव्या का बाराव्या दिवशी माझं डोकं फिरलं.

"अगं गाढवे, खाली म्हणते ना!"

मी ओरडले. भिंतीपलीकडं ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

मग ती हळूच म्हणाली, "व्हय. आता ती ओळ तूच म्हणून दाखव."

मी म्हटली. घोगरी, पण सुरात.

नाताळला तिनं सोलो गायला. अर्थातच बेसूर. झाल्यावर माइकवर म्हणाली, "हे मला कमलनं शिकवलं. उभी राहा गं कमल." मी उभी राहिले. लोक डोळे पुसत होते, पण बघत होते तिच्याकडं.

गेलेला आवाज माझा, परत आला तो माझा, आणि कौतुक हिचं! घरी जाऊन मी जेवलेही नाही.

मागच्या महिन्यात ती दवाखान्यात होती. भेटायला गेले. आता राहवेना म्हणून सांगून टाकलं.

"एस्तेर, मी आयुष्यभर तुझ्यावर जळत आले."

"ठाऊक हाय."

"कसं काय?"

"चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक. मी बी तुझ्यावर लई जळायची."

मी खुर्ची तिच्या खाटेजवळ ओढली.

"तुझा आवाज गेल्याचं कळलं ना, तवा मला बरं वाटलं कमल. अख्खा दिवस बरं वाटलं. मशिनीवर बसून गुणगुणत व्हते. सांजच्याला प्रार्थनेला गुडघे टेकले, तर तोंडातून शब्दच फुटंना. म्हटलं, आता हिच्याकडं जाऊन आल्याबिगर देव काय आपल्याशी बोलत नाय."

मी तिला संतीण समजून जळत होते. ती तर माझ्याच जातकुळीची निघाली. फरक एवढाच की जळून झाल्यावर ती चपला घालून माझ्या दारात आली. मी कुणाच्याच दारात गेले नाही.

काल साक्ष द्यायला उठले असते तर हेच सांगितलं असतं. पण नाही उठले. कारण एस्तेरही जळायची हे कळलं असतं, तर लोकांना ती आणखीच आवडली असती.

आणि ते मला सहन झालं नसतं.

आता सांगितलं. आवडू दे.

सलाम एस्तेर. प्रभूच्या कुशीत विसावा घे गं.