राईच्या लाकडांचा मांडव

ती घटना आजही आठवते, आणि आठवते ती कापडाच्या घड्यांमुळे. मोडतोडीचे पंचनामे नोकरीत पुष्कळ केले. पण मांडव पाडणाऱ्याने कापडाच्या नीट घड्या घालून, वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर दगड ठेवलेला मी तेवढा एकदाच पाहिला.

विधानसभेची निवडणूक लागली होती. आंबेगावच्या डोंगरपट्ट्यातलं एक ठाणं माझ्याकडे होतं. उमेदवारांत एक ताई होत्या. माहेर आहुप्याच्या अंगाला असलेल्या एका वाडीचं, सासर खाली जुन्नरकडे. आईबाप लहानपणीच गेलेले, चुलत्याने वाढवलेलं. कार्यकर्ते म्हणत होते, प्रचाराचा नारळ ओझरच्या गणपतीपुढे फोडा, गर्दी होईल. ताई हटून बसल्या. नारळ फुटेल तो माझ्या वाडीच्या भैरोबापुढेच, म्हणाल्या.

सभेच्या दिवशी सकाळीच ठाण्यात फोन आला, मांडव पाडला. मी पोचलो तेव्हा कार्यकर्ते तापले होते.

"साहेब, विरोधकांचंच काम आहे. नावं देतो, उचला त्यांना," त्यांचा म्होरक्या म्हणाला. फिर्यादीचा मजकूर त्याने मोबाईलवर तयारच ठेवला होता. निवडणुकीत पुरावा मागून येतो, आरोपी आधी ठरतो.

मी जागा पाहिली. लोखंडी पाईप जागेवर होते, दोर गुंडाळून ठेवले होते, कापडाच्या घड्या होत्या. गेले होते ते फक्त लाकडी खांब. लोखंड सोडून लाकूड नेणाऱ्या चोराला ठाण्यात नेण्याआधी दवाखान्यात न्यायला हवं!

तेवढ्यात वाडीच्या वाटेवरच्या एका चहावाल्याचा फोन आला. तो आमचा जुना खबऱ्या. "सायब, काल ताईंची मानसं अन् मांडववाला वर ग्येले, त्यांच्याबिगर एक बी परकी गाडी ग्येली न्हाई. आजची पयली गाडी तुमचीच." म्हणजे काम वाडीतल्याच कोणाचं तरी होतं. माझ्या हवालदाराने डोळ्यांनीच खूण केली. ताईंचे चुलते कडेला उभे होते. त्यांच्या सदऱ्याच्या खांद्यावर झाडाचा ताजा चीक होता.

त्यांना शाळेच्या ओट्यावर बसवलं.

"तात्या, मांडव कोणी काढला?"

"म्या."

"एकट्याने?"

"व्हय," तात्या म्हणाले आणि पायाच्या अंगठ्याकडे पाहू लागले. काही लपवायची सवय नसलेला माणूस असाच खाली बघतो.

"पुतणीवर राग आहे?"

"न्हाई."

"मग कोणी पैसे दिले?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की विचारल्याची मलाच लाज वाटली. "काय कलम लावायचं त्ये लावा, सायब. मला घिऊन चला. पर पोरीची सभा व्हऊ द्या."

माणूस गुन्हा कबूल करत होता, कारण सांगत नव्हता. माझ्या अनुभवात हे उलटं असतं. मी मांडववाल्याला बोलावलं आणि लाकडं कुठून आणली ते विचारलं.

"खांब कमी पडले, साहेब. मागच्या रानातनं तोडले." तो खालच्या गावचा होता.

हवालदाराने कपाळावर हात मारला. मागचं रान म्हणजे भैरोबाची राई, देवाच्या नावाने राखलेलं रान. तिथली वाळकी काडीसुद्धा वाडीत कोणी चुलीला नेत नाही. पडलेलं झाड तिथेच कुजतं. आम्ही आत गेलो. ताजे बुंधे दिसले, आणि प्रत्येक बुंध्याशेजारी त्याचा त्याचा खांब आणून निजवलेला होता.

परत येऊन तात्यांपुढे बसलो. "राई पाहिली," एवढंच म्हणालो. म्हाताऱ्याचा बांध फुटला.

"तिला ठावं नव्हतं, सायब. पर आमच्या मानसाला राईचं लाकूड वळखू येतं. मानसं मांडवात बसली असती, वर बघितलं असतं. म्हनली असती, हिनं मतांसाठी देवाचं रान तोडलं. जलमात कुनी दारात उभं केलं नसतं पोरीला. त्यापरीस म्या चोर झालेला बरा."

ताई मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. म्होरक्या त्यांच्या कानाशी लागला, "ताई, हे बाहेर जायला नको. विरोधकांवर फिर्याद द्या, उलट सहानुभूती मिळेल." सल्ला कामाचा होता, हे मीही नाकारणार नाही. पण फिर्याद आली असती तर तपासात चुलत्यालाच आत घ्यावं लागलं असतं. ताईंनी एकदा तात्यांच्या खांद्यावरच्या चिकाकडे पाहिलं.

"फिर्याद न्हाई," त्या म्हणाल्या आणि तडक लोकांपुढे गेल्या. माणसं उन्हात दगडांवर बसली होती.

"माझ्या मांडवासाठी राईतली झाडं तुटली. मला ठावं नव्हतं, पर मांडव माझा व्हता. तात्यांनी माझं नाव झाकाया त्यो काढला. चूक माझी हाय."

माझ्या शिपायांनी काठ्या सावरल्या. मग तात्या उठले, प्रचाराचा नारळ ताईंच्या हातात दिला आणि म्हणाले, "आदी भैरोबाची माफी माग."

ताईंनी तो नारळ राईपुढे फोडला. तात्यांनी खोबऱ्याचा तुकडा आपल्या हाताने पुतणीला भरवला. "आता माग मतं," ते म्हणाले. "आता तोंड हाय तुला."

हे पाहताना माझे डोळे भरून आले, आणि वर्दीत असूनही मी ते पुसले. मांडववाल्याला वनखात्याच्या हवाली केलं. ताई ती निवडणूक हरल्या. तात्या मात्र प्रचार संपेपर्यंत त्यांच्याबरोबर वाड्यावाड्यांतून चालत होते.

त्यानंतरही कितीतरी माणसं माझ्यासमोर तोंड शिवून बसली. आवाज चढवण्याआधी मी स्वतःला एकच प्रश्न विचारू लागलो, हा माणूस कोणाला जपतोय?