समोरच्या खळ्यातल्या नलूताई

नलूताई शिगवण यांनी कुणाकडे खीर पाठवली की आमच्या इमारतीतली जुनी माणसं सावध व्हायची. मीरा रोडच्या पूनम सागरमध्ये आमची दारं समोरासमोर, त्यामुळे झाकलेली वाटी घेऊन त्या कुठल्या मजल्यावर निघाल्या हे मला आधी कळायचं. सेक्रेटरीने त्यांची कपड्यांची दोरी न विचारता तोडली, तेव्हा त्यांनी त्याला शेवयांची खीर पाठवली. तो महिनाभर त्यांचे गोडवे गात फिरला. मग सोसायटीच्या सभेत नलूताई उभ्या राहिल्या आणि जिन्यात त्याने अडवलेल्या जागेचा विषय त्यांनी इतक्या थंडपणे काढला, की दुसऱ्या दिवशी त्याला आपलं चपलांचं कपाट स्वतः उचलून घरात न्यावं लागलं. "पोटात गोड गेलं ना मेधा, की माणूस बेसावध ऱ्हातो," त्या मला म्हणाल्या.

मला अशी माणसं आवडतात, मी ते लपवत नाही. आमच्याकडे बाईने सोसलं की तिचं कौतुक होतं आणि तिने हिशेब चुकता केला की लोक तोंड वाकडं करतात. नलूताईंच्या शोकसभेत त्यांच्या दिराने जे भाषण ठोकलं, ते ऐकल्यापासून माझं डोकं फिरलेलं आहे. म्हणूनच हे लिहिते आहे. ज्यांनी नलूताईंना पाहिलं नाही, त्यांना त्या निदान त्या माणसाच्या तोंडून तरी कळू नयेत.

नलूताईंचं सगळं आयुष्य भाईंदरच्या स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात गेलं. पॉलिश होऊन आलेल्या ताटाच्या कडेवरून बोट फिरवून धार राहिली का ते पाहायचं, हे त्यांचं काम. ती सवय इतकी मुरली होती की लग्नाच्या पंगतीतही त्या आधी ताटाची कड चाचपायच्या आणि मग जेवायला लागायच्या. नवरा दत्ताराम कंपनीत ड्रायव्हर होता. दोघांच्या कमाईतून रत्नागिरीकडच्या गावी घर उभं राहिलं. त्या घरात धाकटा दीर विश्राम राहायचा. हे दोघे गणपतीला जायचे, मागची खोली उघडायचे आणि परत येताना बंद करायचे.

दत्ताराम वारले. त्यानंतर पहिल्यांदा नलूताई गणपतीला गावी गेल्या, तर त्यांच्या खोलीला विश्रामचं कुलूप. "खोलीत भाताची पोती ठेवलीत वहिनी," तो म्हणाला, "तुम्ही पडवीत झोपा की. दोन दिवसांचा तर प्रश्न." ज्या घराची कौलं हिच्या ओव्हरटाइमवर चढली, त्या घरात ही बाई पाहुण्यांच्या चपलांशेजारी झोपली. तरी त्या भांडल्या नाहीत. "मला बाजूला एक छोटी खोली बांधू द्या, वेगळा मीटर घेऊ द्या," एवढंच त्यांनी मागितलं. जमीन सामायिक, त्यामुळे दोन्हीला विश्रामची सही लागणार होती. तो हसला. "सही देणार नाय. दादा गेला, आता तुमचं हितं काय ऱ्हायलं?"

निघायच्या दिवशी नलूताईंनी त्याच्यासाठी तांदळाची खीर केली. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

पुढे बरेच महिने काही घडलं नाही. मग एका रविवारी त्या माझ्या दारात. "चल हाटकेशला, एक वस्तू बघायची हाय." मीरा रोडमधल्याच हाटकेशच्या एका गाळ्यात सलीमभाई गाड्यांच्या बॉड्या बनवायचे. तिथे कोपऱ्यात दोन चाकांचा कॅम्पिंगचा ट्रेलर उभा होता. जीपमागे जोडून न्यायचा, आत दोन बिछाने, छोटा ओटा, जाळीची खिडकी. कुणा हौशी जोडप्याने तो बनवायला टाकला होता आणि परदेशी जाताना तसाच सोडून दिला होता. नलूताईंनी दाराच्या कडेवरून बोट फिरवलं.

"भाभी, घूमने जाना है क्या?" सलीमभाईंनी विचारलं.

"मेरे को घूमने का नहीं, बैठने का है," नलूताई म्हणाल्या. "ये खड़ा करने को किसी की सही लगती है क्या?"

"गाड़ी है भाभी. गाड़ी खड़ी करने को कौन सही लेता है?"

नलूताई माझ्याकडे वळल्या. त्यांचा चेहरा असा खुलला होता, जसा मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिला नव्हता. निवृत्त होताना मिळालेले फंडाचे पैसे त्यांनी अशाच कामासाठी ठेवले होते, आणि ट्रेलर त्यांनी तिथेच ठरवून टाकला.

राहता राहिली वीज. भाईंदरच्या सोलरच्या दुकानात जयेशभाई म्हणून भला माणूस होता. "बेन, बिल्डिंग की छत पे लगाओ ना, ज़्यादा फायदा है," त्याने समजावलं. "छत मेरी नहीं है, भाई," नलूताई म्हणाल्या. मग त्याने काय काय चालवायचं ते विचारलं. दोन दिवे, पंखा, फोन, छोटा टीव्ही आणि गणपतीची दिव्यांची माळ. त्या दिवसांत आकाश भरलेलं असतं, एका पॅनलने भागणार नाही, असं सांगून त्याने दोन पॅनल आणि मोठी बॅटरी सुचवली. नलूताईंनी त्याला एक पॅनल फुटपाथवर मांडून पंखा जोडायला लावला. पंखा गरगरायला लागल्यावर त्यांनी पॅनलच्या एका कोपऱ्यावर आपली छत्री धरली. पंखा मलूल झाला.

"एवढ्याशा सावलीने?"

"थोडी छाया भी नहीं चलेगी, बेन. एकदम खुले में रखना पड़ेगा."

"म्हणजे झाडाखाली ठेवून उपयोग नाय?"

"बिलकुल नहीं."

हे त्यांनी त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं. मालातली खोट ऐकून गिऱ्हाईक असं खूश होताना जयेशभाईने पाहिलं नसावं. मलाही तेव्हा काही कळलं नाही.

बसवायचं काम हाटकेशलाच झालं. छताला पट्ट्या मारून पॅनल चढवले, वारा खेळावा म्हणून खाली फट ठेवली. वायर आत घ्यायच्या भोकाभोवती सलीमभाईंनी लावलेला पाणी अडवणारा मसाला नलूताईंना पुरेसा वाटेना. त्यांनी बादलीभर पाणी वर ओतायला लावलं आणि स्वतः आत बसून राहिल्या. एक थेंब गळला. "परत करा," त्या आतूनच ओरडल्या. बॅटरी बाकाखाली गेली, दाराशेजारी बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा कंट्रोलर बसला, त्याचा हिरवा दिवा लागला. त्या दिव्याकडे त्या देव्हाऱ्याकडे बघावं तशा बघत होत्या.

गणपतीआधी आठवडाभर आम्ही निघालो. सलीमभाईंच्या पुतण्याची जीप, मागे ट्रेलर, जीपमध्ये मी, नलूताई आणि त्यांची मुलगी सुप्रिया. सुप्रिया स्वभावाने अगदी गरीब. वाटभर ती "आई, कशाला गं उगाच" एवढंच म्हणत होती.

गावच्या घरापुढे मोठं खळं आहे, म्हणजे सारवलेलं अंगण. एका अंगाला फणस आणि दोन आंबे, बाकी मोकळं. विश्राम धावत बाहेर आला. आधी तो गोंधळला, मग त्याने झाडांकडे हात केला. "वहिनी, तिकडं कडेला लावा."

"सावलीत सोलर चालत नाय, भावोजी," नलूताई मधाळ आवाजात म्हणाल्या. "माझा नाइलाज हाय."

ऊन दिवसभर पडतं अशी जागा त्या खळ्यात एकच होती, विश्रामच्या पायऱ्यांच्या बरोब्बर समोर. ट्रेलर तिथे उभा राहिला. ट्रेलरचं दार त्याच्या दारासमोर, खिडकी त्याच्या खिडकीसमोर. तेव्हा मला फुटपाथवरची छत्री कळली आणि मी जीपमागे जाऊन पोट धरून हसले.

विश्रामने संध्याकाळी गावकी जमवली. सामायिक जागेत सहीशिवाय घर उभं केलं, असं त्याचं म्हणणं. गावचे वयस्कर तात्या काठी टेकत ट्रेलरभोवती फिरले, वाकून चाकं पाहिली. "घर कुठं हाय ह्यात? ही गाडी हाय," ते म्हणाले. "तुजा टेंपो खळ्यात उबा ऱ्हातो, त्याला तू कुणाची सही घेतलीस?" माणसं हसली. विश्रामच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला कंदिलाशिवाय दिसल्या, कारण नलूताईंनी बाहेरचा दिवा लावला होता.

आता मी वाट बघत होते ती गावची वीज जाण्याची. पावसात तिथली वीज हमखास जाते. मग हा माणूस नलूताईंच्या दारात वायर मागायला येईल आणि मी तो सोहळा डोळे भरून बघेन, असं मी मनात रंगवलं होतं. नेमकी त्या वर्षी वीज एकदाही गेली नाही. मी चरफडले. नलूताई मात्र निवांत ताट मांडत होत्या.

"त्याने मागायला यावं म्हणून मी नाय आले, मेधा," त्या म्हणाल्या. "मागून गेला की तो मोकळा. त्याला मी रोज दिसले पाहिजे. सकाळी दार उघडलं की मी, रात्री लावलं की मी."

आणि त्या दिसत राहिल्या. गणपती झाले, आम्ही परतलो, त्या दिवाळीपर्यंत तिथेच. पुढच्या वर्षीही तेच. दारात खुर्ची टाकून तांदूळ निवडायच्या, पोरांना टीव्ही लावून द्यायच्या. विश्राम मागच्या दाराने ये-जा करायला लागला. स्वतःच्या घरात मागच्या दाराने! ते सांगताना नलूताईंचा आवाज तृप्त असायचा.

यंदाच्या उन्हाळ्यात त्या मीरा रोडला आल्या त्या आजारी होऊनच, आणि पावसाळा उजाडायच्या आत गेल्या. शोकसभेला विश्राम आला. डोळे पुसत म्हणाला, "दादाच्या मागं वहिनीला आम्ही काय कमी पडू दिलं नाय. माझ्या दारात सुखानं ऱ्हायली." लोक माना डोलवत होते. मी उठले. "त्या तुमच्या दारात नव्हत्या राहिल्या," मी म्हटलं. "तुम्ही त्यांना चपलांजवळ झोपवलंत. मग त्या स्वतःच्या खळ्यात राहिल्या." मला त्याचं काडीचं वाईट वाटलं नाही.

निघताना त्याने सुप्रियाला गाठलं. "आता गाडी हलव गो. वहिनीच गेली, तितं कोण ऱ्हाणार?"

सुप्रियाने खाली बघूनच उत्तर दिलं. "मी राहणार, काका."

या गणपतीला मी तिच्याबरोबर गेले. पहिल्या सकाळी ट्रेलरच्या दारात खुर्च्या टाकून आम्ही दोघी चहा पीत होतो. ढग फाटून छतावर ऊन पडलं होतं. समोरचं दार उघडलं. विश्राम तांब्या घेऊन उंबऱ्यात आला, त्याने तिला पाहिलं, मला पाहिलं. सुप्रियाने कप थोडा वर उचलला आणि ती म्हणाली, "या काका, चहा घ्या." तो मागे सरकला आणि त्याने दार लावून घेतलं.

मला फार बरं वाटलं. अजूनही वाटतंय.