मिनाचं 'तर' आणि 'तरच'

भीमसिंग राठोडची थोरली मिना हट्टी आहे, हे डोंगरकड्याजवळच्या त्या तांड्यात सगळ्यांना ठाऊक होतं. तरी ती वकील व्हायचं म्हणाली, तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही.

हे खूळ तिच्या डोक्यात शिरलं कळमनुरीच्या कोर्टात. विहिरीच्या वाटेवरून भीमसिंगचं शेजाऱ्याशी भांडण चालू होतं आणि कागद वाचायला तो बारावीतल्या मिनाला सोबत न्यायचा. त्यांचे वकील सोमेश्वर कदम एकदा म्हणाले, "पोरी, यंदापासून देशातल्या मोठ्या लॉ कॉलेजांची एकच परीक्षा निघालीय. बारावीवर देता येते. बघ देऊन." पुतण्याचं जुनं गाईडही त्यांनी तिला दिलं.

घरात बंजाऱ्यांची गोरमाटी बोली, शाळेत मराठी आणि पेपर इंग्रजीत. बाकीचं घोकून तरी होत होतं, पण अडायचं ते जर-तरच्या प्रश्नांपाशी. बाजार असला तर स्टँडवर गर्दी होते. आज गर्दी आहे. मग आज बाजार आहे का? मिना बेधडक 'हो'वर खूण करायची. गाईडात उत्तर असायचं, सांगता येत नाही. तिला हा निव्वळ चावटपणा वाटायचा.

दोन हजार आठच्या मे महिन्यात नागपूरला जाऊन तिनं परीक्षा दिली आणि सपशेल आपटली. बारावीत मात्र चांगल्या मार्कांनी पास झाली. पेढे वाटून दोन दिवस होत नाहीत तोवर सेनगावकडचे पाहुणे तिला बघायला आले.

पाहुण्यांची पाठ वळताच मिना बापासमोर उभी राहिली. "बा, तुमी काय म्हणले होते? बारावीत नापास झालीस तर लगीन लावून टाकीन. मी तर पास झाले!"

"व्हय, म्हणलो होतो," भीमसिंग तंबाखू मळत म्हणाला. "नापास झालीस तर लावीन म्हणलो. पास झालीस तर लावणार न्हाई, असं कवा म्हणलो?"

बाप पळवाट काढत होता, हे मिनाला कळत होतं. पण त्याच्या बोलण्यात खोट सापडेना. संताप संताप झाला. ती उठून गोठ्यामागं जाऊन बसली आणि रडता रडता एकदम थांबली. पूर्ण वर्षभर ती हीच चूक करत आली होती. नापास तर लग्न, एवढंच बाप बोलला होता. पास झाल्यावर काय, ते तिनं मनानंच धरलं होतं. बाजार असला तर गर्दी होते खरी, पण गर्दी लग्नाच्या वऱ्हाडाचीही असू शकते.

दुसऱ्या दिवशी ती कदमवकिलांकडे गेली. सगळं ऐकून ते मोठ्यानं हसले, मग तिचा चेहरा बघून त्यांनी हसू आवरलं.

"आता यातलं 'तरच' शीक," ते म्हणाले. "'तर' आणि 'तरच' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बाप 'नापास झालीस तरच' म्हणाला असता, तर तू जिंकली असतीस. आणि इंग्रजीत 'अनलेस' दिसलं की घाबरू नको. त्या जागी 'नसेल तर' घाल."

घरी मात्र अजून लढाई बाकी होती. तिथं तिची आई रूपाबाई मधे पडली. एरवी नवऱ्यापुढं फारसं न बोलणारी ही बाई भाकरी थापता थापता म्हणाली, "एक साल थांबा. पोरगी काय म्हातारी होऊन राहिली व्हय?"

भीमसिंगनं हातातली भाकरी ताटात ठेवली. मग म्हणाला, "बरं. नंबर लागला तर शिकवीन."

"आन न्हाई लागला तर?" मिनानं लगेच विचारलं.

"तर मी दाखवीन त्या पोराला ना म्हणायचं न्हाई."

याडीनं तिच्याकडं पाहिलं. आईला ती याडीच म्हणायची. मिना म्हणाली, "कबूल."

ते वर्ष तिनं कापूस वेचत, पाणी भरत आणि प्रश्न सोडवत काढलं. प्रश्न आधी ती मराठीत उतरवायची, मग गोरमाटीत मनाशी बोलायची, मग परत इंग्रजीकडं जायची. सुरुवातीला एका प्रश्नाला अख्खी दुपार जायची. हळूहळू मधली मराठी गळून पडली.

पुढच्या मे महिन्यात ती पुन्हा नागपूरच्या वर्गात बसली. पेपरात वकिलांची समिती नेमायची होती. 'प'ला घेतलं तर 'क'ला घेता येत नाही. 'ट'ला घेतलं नसेल तर 'क'ला घ्यावंच लागतं. आता 'प'ला घेतलंय, तर आणखी कोण नक्की येणार? मिनानं पेन खाली ठेवलं. 'प' आला म्हणजे 'क' गेला. 'ट' नसता तर 'क' आलाच असता. 'क' तर नाही. म्हणजे 'ट' आहे! तिनं खूण केली आणि पुढचा प्रश्न घेतला.

पहिल्या यादीत तिचं नाव नव्हतं. भीमसिंग दुसऱ्याच दिवशी ठेवणीतलं धोतर नेसून एका स्थळाकडं जाऊन आला. मिनाला जेवण जाईना. दुसरी यादी लागली तेव्हा कदमवकिलांनी शेजारच्या दुकानात फोन केला. रायपूरच्या लॉ कॉलेजात नंबर लागला होता.

रूपाबाई रडली. भीमसिंगनं "बराबर बघितलं ना त्यांनी?" असं तीनदा विचारलं आणि मग त्या पाहुण्यांना नकाराचा निरोप धाडला.

रायपूरला सोडायला तोच गेला. होस्टेलच्या दारात पत्र्याची पेटी खाली ठेवली, इकडंतिकडं पाहिलं आणि म्हणाला, "तकलीफ झाली तर फोन कर."

"आन न्हाई झाली तर?"

"तरी कर," तो म्हणाला आणि फाटकाकडं चालू लागला.