आंब्याखालची तपासणी

माझ्या लेकीनं, मैत्रीनं, शुक्रवारी जेवताना जाहीर केलं, "रविवारी कडावला मी आंब्यावर चढणार." झालं! माझी झोप उडाली. कडाव म्हणजे माझं सासर. आंबा सासऱ्यांच्या अंगणातला, बुटका. पहिली फांदी माझ्या खांद्याला लागते. दिराची मुलं तर त्यावरच राहतात म्हणा ना! पण मैत्री पाच वर्षांची. आजवर दरवेळी मी काहीतरी कारण काढून तिला खाली ठेवलंय. कधी मुंग्या, कधी चीक, एकदा तर "आंबा झोपलाय". आता कारणं संपली होती.

गंमत म्हणजे, कोणी वर चढायचं हे ठरवण्याचाच मला पगार मिळतो. रसायनीतल्या एका केमिकल कारखान्यात मी सेफ्टीला आहे. टाकीवर, पत्र्यावर, परांचीवर चढणारे अंगात पट्ट्यांचा बेल्ट घालतात आणि त्याच्या दोरीचा हुक कशाला तरी अडकवतात. ते बेल्ट मी तपासते. चांगला असला तर हिरवा टॅग, नसला तर बाद. या कामात काही घडू नये म्हणूनच मी असते, तरी किस्से घडायचे थांबत नाहीत. शिवणीत धूळ बसते तसे ते साचतात आणि झोप उडाली की एकेक बाहेर पडतात.

* * *

नवीन होते तेव्हाची गोष्ट. पट्टा उलटा वाकवून बोटानं चाचपायचा, म्हणजे तुटलेला धागा वर येतो. एकदा घरी जाताना बसमध्ये आठवलं, दत्तूमामांच्या बेल्टवर काळा धागा दिसला होता. शिवण तर पिवळी! मग काळा धागा आला कुठून? पुढच्या फाट्यावर उतरले, रिक्षा पकडली आणि परत कारखान्यात.

दत्तूमामा म्हणजे आमच्याकडचे परांची बांधणारे, सगळ्यांत जुने. त्यांनी तो धागा चिमटीत धरला, उजेडात नेला, मग माझ्या डोक्याकडे पाहिलं.

"मॅडम, ह्यो तुमचा केस हाय. बेल्ट टिकंल वो, तुमी टिकताय का तेवढं बगा!"

* * *

संतोष फिटरचा बेल्ट इतका कळकट होता, की शिवण दिसेना. मी म्हटलं, "जरा स्वच्छ ठेवा हो." दुसऱ्या दिवशी बेल्ट पांढराशुभ्र, साबणाचा वास! त्याच्या बायकोनं तो ब्लीचमध्ये भिजवला होता, दगडावर धोपटला होता आणि कडक उन्हात वाळवला होता. ब्लीच आणि ऊन, दोन्हींनी धागा आतून कमजोर होतो. मी जड मनानं बाद केला आणि म्हटलं, "घरी नीट समजावून सांगा."

"सांगतो ना. पन आधी दुसरा बेल्ट द्या, मंग घरी जातो!"

* * *

त्याच संतोषला एकदा टाकीवर पाहिलं. खालून ओरडले, "हुक लावलाय का?"

"लावलाय!"

"कुठं?"

"मलाच!"

हुक त्याच्याच बेल्टच्या कडीत. खाली उतरवून विचारलं, "अहो, असं कसं?" तर शांतपणे म्हणाला, "पाइप गंजलाय, कठडा हलतोय. वर भरवशाचा मीच एकटा हाय!"

मी रागावून वर गेले, कठड्याला हात लावला. कठडा हलत होता! त्या दिवशी टाकीवरचं काम बंद ठेवलं आणि आधी कठडा बसवून घेतला.

* * *

बाद झालेला बेल्ट आम्ही कापून टाकतो. पूर्वी अख्खाच भंगारात टाकायचो. मग एका रविवारी कडावला शेजारच्यांच्या गोठ्यात गेले, तर आमचा बेल्ट म्हशीच्या अंगावर! मी घाबरून म्हटलं, "काका, हा बाद झालेला आहे!"

काका म्हणाले, "काय बोलतेस? लई भारी माल हाय. म्हस एकदा बी पडली नाय!"

* * *

दसऱ्याला कारखान्यात हत्यारांची पूजा होते. गेल्या वर्षी बेल्टही मांडले होते. हळदकुंकू, झेंडू आणि मधोमध उदबत्त्यांचा अख्खा जुडगा. सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी दत्तूमामांचा बेल्ट वाकवला, तर खांद्याच्या पट्ट्यावर तिळाएवढं जळकं भोक. ठिणगी पडली होती. जळलेला पट्टा माणसाचं वजन पेलेलच असं सांगता येत नाही.

"मामा, हा बाद."

"मॅडम, पुजलेला हाय!"

माझ्या हातात कात्री, आणि पुजलेल्या वस्तूला ती लावायची हिंमत होईना. शेवटी मामांनीच कात्री घेतली, बेल्ट कपाळाला लावला आणि कचकन दोन तुकडे केले. यंदाच्या दसऱ्याला उदबत्त्या पार दाराबाहेर दिसल्या. मी काही विचारायच्या आतच मामा म्हणाले, "वास देवाला पाहिजे, बेल्टला कशाला?"

हे मी घरी सांगितलं, तेव्हापासून मैत्री दप्तराचे पट्टे उलटे करून बघते.

* * *

तर रविवार उजाडला. सकाळी सासूबाईंबरोबर भाकऱ्या केल्या, मनगटाला तव्याचा चटका बसला. बाहेर आले तर मैत्री चपला काढून आंब्याखाली तयार. वरून पोरं ओरडत होती, "ये गं मैत्रे!"

सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. "चढू दे गं तिला. तू हायस ना खाली, मंग कशाला भ्यातेस?"

खरंच होतं. मी फांदीखाली उभी राहिले आणि दोन्ही हात पुढे केले. "चढ. पडलीस तर मी धरेन."

मैत्री चढली नाही. तिनं माझा उजवा हात धरला. तळवा उलटा वाकवला. अंगठ्यानं हळूहळू चाचपत गेली, एकेक बोट ओढून बघितलं. मनगटावरच्या लाल चटक्यापाशी थांबली. वाकून नीट पाहिलं.

"हा बाद," ती म्हणाली. "आजी, तुझे दाखव!"